न झालेले भाषण : सुरतेची राष्ट्रीय सभा, डिसेंबर १९०७



स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण हाती आले तेव्हा विषय निवडण्याचे स्वातंत्र्य संस्थेने माझ्याकडेच ठेवले होते. आयुष्यभर मराठी वाङ्मय शिकविलेल्या माणसाकडून ज्ञानेश्वरीवर किंवा केशवसुतांवर काही ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु मी आज इतिहासाच्या अंगणात शिरणार आहे, आणि तेही आपल्याच गावाच्या इतिहासाच्या. याच शहरात, तापीच्या काठी, डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले आणि मोडले. शालेय पुस्तकात ही घटना एका वाक्यात उरकली जाते : सुरत अधिवेशनात जहाल व मवाळ यांच्यात फूट पडली. विद्यार्थी ते वाक्य पाठ करतो, गुण मिळवितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. ज्या तापीच्या खोऱ्यातून, ज्या नंदुरबार-अमळनेरच्या लोहमार्गाने आपणांपैकी अनेकांचे आई-वडील या शहरात पोटासाठी आले, त्या शहरात मराठी माणसाच्या सार्वजनिक आयुष्यातील एवढा मोठा प्रसंग घडला, हे त्या वाक्यातून त्याला कळत नाही.

फुटीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. नरसिंह चिंतामण केळकरांच्या टिळकचरित्रात तो आहे, हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथात त्याचे प्रत्यक्षदर्शी वर्णन आहे, आणि दोन्ही पक्षांनी लगोलग छापलेली परस्परविरोधी निवेदनेही आहेत. मला आज जे पाहावयाचे आहे ते थोडे निराळे आहे. पुढारी सभेत काय बोलला याची नोंद राहते. तो बोलण्यापूर्वी त्याच्या माणसांना त्याच्याकडून काय ऐकावयाचे होते, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. सुरतेचा प्रसंग या दृष्टीने विलक्षण आहे, कारण तेथे सर्वांना ज्या भाषणाची प्रतीक्षा होती ते भाषण झालेच नाही. उरली ती केवळ प्रतीक्षा, आणि त्या प्रतीक्षेनेच मंडप मोडला, असे माझे मत आहे.

मागची हकीगत थोडक्यात सांगितली पाहिजे. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशी व बहिष्काराची चळवळ उसळली. १९०६ साली कलकत्त्याला अधिवेशन भरावयाचे होते. अध्यक्षपदासाठी नव्या पक्षाने लोकमान्य टिळकांचे नाव पुढे केले, तेव्हा जुन्या पुढाऱ्यांनी वयोवृद्ध दादाभाई नौरोजींना विलायतेहून बोलावून घेतले. दादाभाईंपुढे टिळकही नमते घेणार हे उघड होते. मात्र त्या अधिवेशनात दादाभाईंनी व्यासपीठावरून ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला, आणि स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांवरचे चार ठराव झाले. मराठी वृत्तपत्रांनी त्यांना चतुःसूत्री म्हटले.

येथे भाषेच्या अभ्यासकाला थोडे थांबणे भाग आहे. ‘स्वराज्य’ हा शब्द महाराष्ट्राला नवा नव्हता. आमच्या बखरींत, पत्रव्यवहारात तो राबलेला होता, त्याला शिवकालाचा गंध होता. दादाभाईंच्या तोंडी तो वसाहतींना मिळालेल्या स्वयंशासनाच्या अर्थाने आला. बिपिनचंद्र पाल आणि अरविंद घोष यांच्या लेखी त्याचा अर्थ इंग्रजी सत्तेशी संबंध नसलेले संपूर्ण स्वातंत्र्य असा होता. ‘केसरी’ वाचणाऱ्या नगर, खानदेश, वऱ्हाडच्या वकिलाला किंवा शाळामास्तराला त्यातून रायगड दिसे. एकच शब्द, एकाच ठरावात, आणि प्रत्येकाने आपापला अर्थ घरी नेला. बहिष्काराचेही तसेच. बंगालमधला बहिष्कार न्याय्य आहे एवढेच ठराव म्हणत होता. नवा पक्ष त्यातून सबंध देशासाठी परवानगी वाचीत होता, तर फिरोजशहा मेहतांना आणि गोखल्यांना तो बंगालपुरता आणि मालापुरता ठेवावयाचा होता. कलकत्त्याला एकी टिकली ती शब्दांच्या या लवचिकपणामुळे. पुढच्या वर्षी त्याच शब्दांचा हिशेब मागितला जाणार, हे दोन्ही बाजूंना कळत होते.

१९०७ चे अधिवेशन नागपूरला ठरले होते. नागपूर म्हणजे डॉ. मुंज्यांचे गाव, आणि शेजारी वऱ्हाडात अमरावतीला दादासाहेब खापर्डे. तेथे टिळकांना अध्यक्ष करावे अशी तरुणांची उठावणी होती. स्वागतसमितीत बेबनाव झाला, सभा उधळल्या, आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईला फिरोजशहांच्या घरी झालेल्या बैठकीत अधिवेशन सुरतेला हलविण्याचे ठरले. सुरत मुंबई इलाख्यात होती. अधिवेशन ज्या प्रांतात, त्या प्रांताचा माणूस अध्यक्ष होऊ नये, असा राष्ट्रीय सभेचा शिरस्ता होता. म्हणजे जागा बदलताच टिळकांचे नाव आपोआप गळाले. शिवाय एप्रिलमध्ये याच सुरतेत मुंबई प्रांतिक परिषद झाली होती, आणि तीत बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव कार्यक्रमातच येऊ दिले गेले नव्हते. तेव्हा सुरतेचे नाव ऐकताच पुण्यात आणि नागपुरात जी शंका आली ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. कलकत्त्याचे चार ठराव येथे गाळले जाणार किंवा पातळ केले जाणार, असा समज पक्का झाला.

त्यातच लाला लजपतराय मंडालेच्या हद्दपारीतून नोव्हेंबरमध्ये सुटून आले. सरकारने ज्यांना चौकशीवाचून सहा महिने देशाबाहेर ठेवले त्यांनाच अध्यक्ष करावे, ही मागणी नव्या पक्षाने उचलली. स्वतः लालाजींनी आपल्या नावावरून तंटा नको म्हणून नकार दिला. कलकत्त्याचे विद्वान कायदेपंडित डॉ. रासबिहारी घोष यांची निवड कायम राहिली.

२३ डिसेंबरला सकाळी टिळक सुरतेस पोहोचले. त्या दिवसांत या शहराकडे येणाऱ्या गाड्यांतून कोणकोणत्या आशा उतरल्या असतील याची कल्पना करून पाहावी. मद्रासकडून चिदंबरम पिळ्ळे आणि कवी सुब्रह्मण्य भारती आले, बंगालमधून अश्विनीकुमार दत्त आणि अरविंद घोष, पंजाबातून अजितसिंह. पुण्याचे आणि वऱ्हाडचे लोक तर होतेच. ध्वनिक्षेपकाचा तो काळ नव्हे. हजारोंच्या मंडपात मागच्या बाकावरच्या माणसाला वक्त्याचे शब्द कळत नसत. त्याला दिसे ती पगडी, उपरणे, हाताची हालचाल. भाषण तो दोन दिवसांनी वृत्तपत्रात वाचीत असे. म्हणजे मंडपात येणारा बहुसंख्य श्रोता भाषण ऐकावयास येत नव्हता, ते झाले याचा साक्षी व्हावयास येत होता. भाषणात काय असणार हे तो घरूनच ठरवून येई.

आणि टिळकांकडून तो काय ठरवून आला होता? टिळकांच्या वक्तृत्वाविषयी समकालीनांनी लिहिले आहे ते पाहिले की आश्चर्य वाटते. सुरेंद्रनाथ बॅनर्जींचा मेघगर्जनेसारखा आवाज त्यांच्याकडे नव्हता, शिवरामपंत परांजप्यांची वक्रोक्ती नव्हती, गोखल्यांचे रेशमी सौजन्यही नव्हते. ते वकिली थाटाने, मुद्द्याला मुद्दा जोडीत, अलंकार टाळून बोलत. तथापि ‘केसरी’चे अग्रलेख वाचून मनात जो टिळक उभा राहिला होता त्याचा आवाज मात्र सिंहाचा होता. वाचकाने लेखाला आपल्या मनातला आवाज दिला आणि मग सभेत तोच आवाज शोधला. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा अनुभव ओळखीचा आहे. कवीला प्रत्यक्ष काव्यवाचन करताना ऐकून निराश झालेले रसिक मी पुष्कळ पाहिले आहेत.

त्याच दिवशी संध्याकाळी टिळकांनी सुरतेत जाहीर सभेत आपली भूमिका मांडली. डॉ. घोष यांच्या व्यक्तीला आपला विरोध नाही, राष्ट्रीय सभेने कलकत्त्याच्या मागे येऊ नये एवढाच आग्रह आहे, असे त्यांनी सांगितले. ही भूमिका सौम्य होती. निवडणुकीला विरोध हे त्यांच्या लेखी साधन होते, साध्य चार ठरावांचे रक्षण. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, अरविंद घोषांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पक्षाच्या सुमारे 500 प्रतिनिधींची स्वतंत्र परिषद झाली. माघार रोखण्यासाठी सर्व सनदशीर उपाय योजावेत, वेळ पडल्यास अध्यक्षांच्या निवडीलाही विरोध करावा, असे तीत ठरले. सुरतेतील त्या दिवसांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे : अरविंद अध्यक्षस्थानी बसलेले, टिळक उभे राहून बोलत आहेत, आजूबाजूला खापर्डे, अश्विनीकुमार, अजितसिंह प्रभृती मंडळी. मी ते चित्र अनेकदा पाहिले आहे. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर जी स्तब्धता आहे तिच्यात मला एकमत दिसत नाही.

एकमत नव्हतेच. टिळकांना राष्ट्रीय सभा हवी होती. तिच्या बाहेर राहून काही हाती लागणार नाही हे ते जाणून होते. तिचे तोंड आपल्या दिशेला वळवावे, आणि तोवर तिच्यात राहावे, हा त्यांचा हिशेब होता. अरविंदांचा आणि त्यांच्याभोवतीच्या तरुणांचा हिशेब दुसरा होता. त्यांना जुन्या घरात जागा नको होती, नवे घर बांधावयाचे होते. दोन्ही गट टिळकांकडेच डोळे लावून होते. एकाला वाटत होते की ते उद्या मंडप जिंकतील, दुसऱ्याला वाटत होते की ते उद्या मंडप सोडतील. एकाच मुखातून दोन भाषणे ऐकण्याची ही तयारी होती, आणि अशा वेळी पुढारी जे काही बोलेल त्याने कोणाची तरी निराशा ठरलेली असते.

समोरच्या बाजूची अपेक्षाही समजून घेतली पाहिजे, कारण विरोधकही एका अर्थाने भाषणाची वाटच पाहत असतो. फिरोजशहा, गोखले, स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांना टिळक व्यासपीठावर आले म्हणजे सभा हातची गेली, ही धास्ती होती. सुरतेच्या आणि गुजरातच्या कित्येक प्रतिष्ठितांना हे दक्षिणी लोक आपल्या घरी येऊन आपली अब्रू घेणार असे भय वाटत होते. टिळकांविरुद्ध चिथावणी देणारे गुजराती पत्रक वाटले गेले, असा आरोप राष्ट्रीय पक्षाच्या निवेदनात आहे. मराठी-गुजराती हे नाते त्या चार दिवसांत किती ताणले गेले होते, हे आज या शहरात पिढ्यान्‌पिढ्या शेजार करणाऱ्या आपणा लोकांना खरे वाटणार नाही.

२५ तारखेस टिळकांच्या हाती गोखल्यांनी तयार केलेल्या नव्या घटनेचा मसुदा पडला. तीत राष्ट्रीय सभेचे ध्येय नव्या शब्दांत बांधलेले होते. ठरावांचे मसुदे मात्र प्रतिनिधींना मिळेनात. पुढे गोखल्यांनी खुलासा केला की वेळेअभावी ते छापून आले नव्हते. हा खुलासा अप्रामाणिक मानण्याचे मला कारण दिसत नाही. गोखल्यांचा स्वभाव पाहता तो खराच असावा. पण संशय जेथे आधीच घर करून बसला आहे तेथे छापखान्याचा उशीरही कट वाटतो. २६ तारखेस सकाळी टिळक, खापर्डे, अरविंद इत्यादी मंडळी सुरेंद्रनाथांना भेटली. चार ठराव कायम राहतील असे आश्वासन मिळावे आणि लालाजींविषयीच्या लोकभावनेचा भाषणात गौरवाने उल्लेख व्हावा, एवढ्यावर विरोध मागे घेण्याची त्यांची तयारी होती. सुरेंद्रनाथ आपल्यापुरते अनुकूल झाले, परंतु स्वागताध्यक्षांची भेट काही होऊ शकली नाही. आपल्या धर्मकृत्यांत असल्यामुळे त्यांना सवड नव्हती, असे राष्ट्रीय पक्षाचे निवेदन सांगते.

विचार करा. मागणी काय होती? ठरावांची खात्री आणि भाषणात एक वाक्य. एका वाक्याच्या उल्लेखावर एवढी मोठी संस्था सावरली जाण्याची शक्यता त्या सकाळी होती.

दुपारी अडीचला फ्रेंच गार्डनमधील मंडपात अधिवेशन उघडले. सुमारे 1600 प्रतिनिधी, त्याखेरीज हजारो प्रेक्षक. मालवींचे स्वागतपर भाषण झाले. दिवाणबहादुर अंबालाल साकरलाल देसाई यांनी डॉ. घोष यांच्या निवडीची सूचना मांडली. अनुमोदनास सुरेंद्रनाथ उठले आणि गोंगाट सुरू झाला. मिदनापूरच्या जिल्हा परिषदेत त्याच महिन्यात झालेल्या तंट्याचा राग बंगाली तरुणांना होता, नागपूरचा राग वऱ्हाडकरांना. ‘मिदनापूर आठवा’, ‘नागपूर आठवा’ अशा आरोळ्या उठल्या. ज्यांच्या वाणीवर आदल्याच वर्षी कलकत्त्याचे तरुण डोलत होते ते सुरेंद्रनाथ टेबलावर चढून बोलू लागले, तरी त्यांना कोणी ऐकेना. सभा दुसऱ्या दिवसावर गेली.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने ती मला फार महत्त्वाची वाटते. अध्यक्षांचे भाषण आधीच छापून वृत्तपत्रांना देण्याची प्रथा होती. डॉ. घोष यांचे भाषण सुरतेत वाचले गेले नव्हते, पण कलकत्त्यात ते प्रसिद्ध झाले. त्यात नव्या पक्षावर प्रखर टीका आहे, अशा तारा सुरतेला येऊन पोहोचल्या. न केलेल्या भाषणाने श्रोत्यांना दुखविल्याचे हे उदाहरण आमच्या सार्वजनिक जीवनात बहुधा एकमेव असावे. अध्यक्ष मंडपात तोंड उघडण्यापूर्वीच त्यांचे बोलणे नव्या पक्षाच्या बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून वाचले, भाषांतरिले आणि फुगविले गेले असणार. त्या रात्री समेटाचे प्रयत्न चालूच होते. पण झोपावयास गेलेल्या तरुणांच्या कानांत उद्याचे भाषण वाजत होते, आणि त्याला आपल्या पुढाऱ्याने द्यावयाचे उत्तरही.

२७ तारखेस दुपारी एक वाजता सभा पुन्हा भरली. अध्यक्षांची मिरवणूक मंडपात येत असतानाच टिळकांनी स्वयंसेवकाकरवी स्वागताध्यक्षांकडे चिठ्ठी पाठविली. तिचा आशय असा : अनुमोदन झाल्यावर अध्यक्षांच्या निवडीच्या सूचनेवर मला प्रतिनिधींपुढे बोलावयाचे आहे, सभा तहकूब करण्याची सूचना आणि तिजबरोबर एक विधायक प्रस्ताव मांडावयाचा आहे, तरी माझे नाव पुकारावे. उत्तर आले नाही. टिळकांनी स्मरण दिले, तरीही नाही. सुरेंद्रनाथांनी आपले भाषण संपविले, मोतीलाल नेहरूंनी दोन शब्दांत पाठिंबा दिला, आणि निवड झाल्याचे जाहीर करण्यात आले. डॉ. घोष खुर्चीवर बसले आणि भाषणासाठी उभे राहिले. त्याच सुमारास टिळक पायऱ्या चढून व्यासपीठावर आले.

पुढची पाच-दहा मिनिटे प्रत्येक वृत्तान्तात निराळी आहेत. मवाळांचे म्हणणे असे की निवड झाल्यावर तहकुबीची सूचना नियमबाह्य होती आणि तसा निर्णय अध्यक्षांनी दिला होता. जहालांचे म्हणणे असे की चिठ्ठी निवडीपूर्वी दिली होती, ती दाबून ठेवण्याचा अधिकार कोणासही नव्हता, आणि प्रश्न प्रतिनिधींपुढेच जावयास हवा होता. माझ्या मते कायद्याच्या काटेकोर अर्थाने दोघांनाही आधार होता, आणि म्हणूनच एखाद्या समंजस माणसाने टिळकांना पाच मिनिटे दिली असती तर काहीच बिघडले नसते. ती कोणी दिली नाहीत. टिळक हातांची घडी घालून, अध्यक्षांकडे पाठ आणि सभेकडे तोंड करून उभे राहिले. बाजूने काही तरुण त्यांच्या अंगावर धावले, तेव्हा गोखल्यांनी दोन्ही हात पसरून त्यांना आपल्या आडोशाला घेतले, असे नेव्हिन्सनने लिहून ठेवले आहे. ज्यांच्यामध्ये पंधरा-वीस वर्षांचे वितुष्ट होते असे पुण्याचे हे दोन पुढारी त्या क्षणी असे उभे होते. शालेय पुस्तकात घालावयाचे असेल तर हे घालावे.

आणि मग तो जोडा. तांबूस कातड्याचा, पुढे टोक असलेला दक्षिणी जोडा हवेतून आला, सुरेंद्रनाथांच्या गालाला लागला आणि फिरोजशहांवर आदळला. तो कोणी टाकला, कोणावर टाकला, हे कधीच ठरले नाही. टिळकांवर नेम होता म्हणणारेही आहेत. मराठीत ‘जोडा’ हा शब्द ‘जोडणे’ या धातूचा नातलग आहे. या एका जोड्याने मात्र उलटेच केले. जहालांनी व्यासपीठाकडे धाव घेतली, खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या. अखेर पोलिसांनी मंडप रिकामा केला. डॉ. घोष यांचे भाषण पहिल्या वाक्यापुढे फारसे गेले नाही, टिळकांचे सुरूच झाले नाही.

काय बोलणार होते टिळक? चिठ्ठीतले शब्द माझ्या मते निर्णायक आहेत. तहकुबी आणि विधायक प्रस्ताव. वादाचा निकाल लावण्यासाठी दोन्ही बाजूंची समिती, अशा स्वरूपाचे काही. ज्याची मित्रांना आशा होती ती रणगर्जना नव्हे, ज्याची शत्रूंना भीती होती ती तर नव्हेच. कमिटी नेमावी, असे सांगावयास लोकमान्य व्यासपीठावर चढले होते! हे त्यांच्या स्वभावाशी सुसंगत आहे. परंतु मंडपातल्या हजारो माणसांपैकी कितीजणांना ते ठाऊक होते? त्यांनी पाहिले ते असे : आमचा पुढारी उभा आहे आणि त्याला बोलू देत नाहीत. किंवा असे : तो बंडखोर उभा आहे आणि खाली उतरत नाही. प्रत्येकाने आपल्या मनातले भाषण टिळकांच्या बंद ओठांवर ऐकले आणि त्याला अनुसरून हात उगारला.

यात टिळकांचा दोष अजिबात नाही, असे म्हणण्यास मी तयार नाही. वर्षभर वृत्तपत्रातून ज्यांच्या मनाला धार लावली त्यांच्यापुढे अखेरच्या क्षणी तडजोडीची चिठ्ठी काढली तर ती त्यांना दिसत नाही, एवढे त्यांच्यासारख्या मुत्सद्द्याने ताडावयास हवे होते. समर्थकांची अपेक्षा हे पुढाऱ्याचे बळ असते, तसे त्याच्यावरचे कर्जही असते. शिवाय सर्व सूत्रे त्यांच्या हाती नव्हती. पुष्कळ वर्षांनी अरविंदांनी स्वतःच लिहिले की राष्ट्रीय सभा मोडण्यास कारण झालेली आज्ञा आपण दिली, आणि तीही टिळकांना न विचारता. हा कबुलीजबाब वाचल्यानंतर सुरतेचे खापर एकट्या टिळकांवर फोडणे कठीण जाते.

ओघात सांगतो. सुरतेहून अरविंद बडोद्याला गेले. तेथे विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याजवळ बसून त्यांनी तीन दिवस मन निःशब्द करण्याची साधना केली. जानेवारी १९०८ मध्ये मुंबईला त्यांचे व्याख्यान होते आणि मनात तर एकही शब्द येईना. लेल्यांनी सांगितले की श्रोत्यांना नमस्कार करून उभे राहा, भाषण आपोआप येईल. ते आले, असे अरविंद सांगतात. महिन्याभरापूर्वी सुरतेत ज्याला त्याला दुसऱ्याचे भाषण आधीच ठाऊक होते, आणि येथे वक्त्याला स्वतःचेही ठाऊक नव्हते. असो.

२८ डिसेंबरला मवाळांनी त्याच मंडपात, पोलिसांच्या पहाऱ्यात, आपले संमेलन भरविले. ब्रिटिश साम्राज्यातील स्वयंशासित घटकांसारखे स्वराज्य, आणि तेही सनदशीर मार्गाने, हे ध्येय मान्य करणाऱ्यांनाच त्यात प्रवेश होता. त्याच तारखेचे टिळकांचे एक पत्र उपलब्ध आहे. ‘अमृतबझार पत्रिके’चे मोतीलाल घोष प्रभृती मध्यस्थांच्या हाती ते दिले होते. झाले गेले विसरून डॉ. घोष यांच्या निवडीला असलेला विरोध मागे घेण्यास आपला पक्ष तयार आहे, असे त्यात म्हटले आहे. अटी दोनच : कलकत्त्याचे चारही ठराव पुन्हा स्पष्टपणे मंजूर व्हावेत, आणि अध्यक्षांच्या भाषणात नव्या पक्षाला लागण्यासारखी काही वाक्ये असल्यास ती वगळावीत. मंडप मोडल्यावरही वाटाघाट शेवटी येऊन थांबली ती न झालेल्या भाषणातील काही वाक्यांवर. पत्राचा उपयोग झाला नाही. संमेलनवाल्यांचा मार्ग ठरून गेला होता.

परिणाम जलद आले. मे १९०८ मध्ये अरविंद अलीपूरच्या खटल्यात पकडले गेले, २४ जून रोजी टिळकांना अटक झाली, २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. एकसंध राष्ट्रीय सभा पाठीशी असती तर सरकारचे धाडस कमी झाले असते काय, याचे उत्तर देता येत नाही. पण ती नव्हती, एवढे खरे. मंडालेहून टिळक १९१४ मध्ये परतले. १९१५ साली गोखले फेब्रुवारीत गेले, फिरोजशहा नोव्हेंबरमध्ये. १९१६ च्या डिसेंबरात लखनौला जहाल पुन्हा राष्ट्रीय सभेत आले तेव्हा अध्यक्षस्थानी अंबिकाचरण मजुमदार होते, टिळक व्यासपीठावर होते, आणि त्यांना बोलू देण्यास कोणाचीच हरकत नव्हती. १९१८ साली तर त्यांची अध्यक्ष म्हणून निवडही झाली, परंतु खटल्यासाठी त्यांना विलायतेस जावे लागल्यामुळे अध्यक्षीय भाषण काही त्यांच्या हातून घडले नाही.

सुरतेच्या त्या अधिवेशनाचे दप्तरी काय झाले, हेही सांगितले पाहिजे. १९०६ चे कलकत्ता अधिवेशन बाविसावे होते. १९०८ साली मद्रासला डॉ. रासबिहारी घोष यांच्याच अध्यक्षतेखाली मवाळांचे अधिवेशन भरले, त्याच्या अहवालावर तेविसावे असा आकडा छापला गेला. मधले सुरतेचे मोजले गेले नाही. त्यानंतरचे सर्व क्रमांक त्याच गणतीने पुढे चालले. फेब्रुवारी १९३८ मध्ये याच जिल्ह्यात, तापीच्याच काठी, हरिपुऱ्याला विठ्ठलनगर उभारले गेले, नंदलाल बसूंनी मंडपांसाठी चित्रे काढली, आणि सुभाषबाबूंना अध्यक्ष म्हणून मिरवीत नेले ते एक्कावन्न बैलांच्या रथातून, कारण ते अधिवेशन एक्कावन्नावे होते. सुरतेचे अधिवेशन गणतीत धरले असते तर आयोजकांना आणखी एक बैल शोधावा लागला असता.